पान ८८ वर कुणी आलंच नाही

मी एक दोनशेपानी वही. पुठ्ठ्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र आहे. नागपूरच्या उन्हात ते बघून बरं वाटावं म्हणून छापलं असेल. नंदनवनातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी वर्षभर धूळ खात पडले होते. आपल्या नशिबी गणित येणार, फार तर भूगोल, अशी माझी समजूत होती. आली भुताची गोष्ट.

मला भैरवीनं घेतलं. सातवीतली मुलगी, जाड भिंगाचा चष्मा, स्वभावानं मुखदुर्बळ, पण हातात पेन आलं की कुणाला ऐकायची नाही. पाचवीपासून वर्गातली मुलं तिला छळत. अनिश आणि नूपुर त्यात पुढे. चष्मा पळव, डबा लपव, बाकावर पाणी सांड, हे रोजचंच. उलट उत्तर देणं तिला जमायचं नाही. म्हणून तिनं मला जन्म दिला. या लोकांना एकदा घाबरवायचंच, एवढाच तिचा हेतू होता, आणि तो मला पटला होता.

मी साधी गोष्ट नव्हते. माझ्यात वाचणाऱ्यालाच वाट निवडावी लागे. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'तू या शाळेत नवीन आहेस.' सातव्या पानावर वर्गातली मुलं तुला खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडतात, आणि तिथे अंधारात 'खोलीवाला' राहतो. मग प्रश्न सुरू. खिडकीशी जायचं असेल तर पान २३ वर जा. पेटी उघडायची असेल तर पान ४० वर जा. बहुतेक पानांवर खोलीवाला गिळायचा. भैरवीनं एकेक मरण अगदी मन लावून लिहिलं होतं. लिहिताना ती स्वतःशीच हसायची आणि मीही खूश असायचे. खोटं कशाला बोलू?

पण तिनं सुटकेचं पानही लिहिलं होतं. अठ्ठ्याऐंशीवं. खोलीत अडकल्यावर 'जोरात ओरडायचं असेल तर पान ८८ वर जा' असं होतं. त्या पानावर तू ओरडतेस, शिपाईकाका दार उघडतात, खोलीवाला उजेडाला घाबरून पळतो. अक्षर थोडं तिरकं आलं होतं, कारण ते पान लिहिताना भैरवी रडत होती. पाचवीत तिलाही असंच कोंडलं होतं, तेव्हा कुणीतरी दार उघडायला हवं होतं. ते माझं सगळ्यात आवडतं पान.

मग मी वर्गात गेले. दोन दिवसांत माझ्यासाठी भांडणं लागली. शेवटी हजेरीच्या क्रमांकानं पाळ्या ठरल्या, एकेकाला एकेक दिवस. नियमही झाले. पानं पुढेमागे चाळायची नाहीत. जिथे वाट नेईल तिथेच जायचं. आणि ज्याची गोष्ट ज्या पानावर संपेल, त्यानं त्या पानाखाली पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. मोबाइलवर दिवसभर बोटं घासणारी पोरं माझ्यासाठी मान खाली घालून बसायची. मला गर्व झाला होता.

अनिशची पाळी आली तेव्हा तो थेट ओरडला आणि पान ८८ वर पोचला. वाचलं, आणि मला भैरवीच्या बाकावर आपटलं.

"काय फालतू केलं बे हे! ओरडली अन् सुटली? भूत काय झोपून राहिलं होतं का?"

नूपुर म्हणाली, "खरंच यार भैरवी, बाकी एकदम मस्त आहे. हेच एक बोअर आहे. बदल ना!"

दोन वर्षांत पहिल्यांदा ती दोघं भैरवीशी असं सरळ बोलत होती. नूपुरनं तर तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तुम्हीच सांगा, त्या वयात त्या हाताचं वजन केवढं असतं! त्या दिवशी घरी गेल्यावर भैरवीनं व्हाइटनर काढला. '८८' वर पांढरा थेंब ठेवला, फुंकर मारून वाळवला आणि वर '७१' लिहिलं.

एकाहत्तरावं पान नवीन होतं. 'तू ओरडतेस. पावलं दाराशी येतात. खोलीवाला माणसाच्या आवाजात विचारतो, आत कोणी आहे का? तू हो म्हणतेस. संपलं.' आणि ज्याला जगायचंच असेल त्याच्यासाठी पान ६४ होतं. 'तोंडावर हात ठेव. गप्प बस. दार आपोआप उघडेल.'

अठ्ठ्याऐंशीवं पान तिनं फाडलं नाही. फक्त तिथे जायची वाट राहिली नाही. त्याखाली अनिशचं नाव होतं, तेही त्यानं खोडरबरानं पुसून टाकलं. असल्या पानावर सुटलो हे त्याला कमीपणाचं वाटलं.

एकाहत्तराव्या पानाखाली मात्र नावांची रांग लागली. तेवीस नावं. भैरवी आता मधल्या सुट्टीत घोळक्यात बसून डबा खायची. मीही त्या घोळक्यात असायचे. व्हाइटनरचा फक्त एक थेंब होता, त्यानं कुणाचं काय बिघडणार, असं मला वाटलं. मला वाटलं ते चुकीचं होतं.

जानेवारीत वर्गात कामिनी आली. पारशिवनीकडची, घरी शेती. पुढच्या शिक्षणासाठी नंदनवनात मयुरामावशीकडे राहायला आली होती. पहिल्याच दिवशी बाईंनी काही विचारलं तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "बाई, मले पुस्तक नाही भेटलं अजून." वर्ग खदाखदा हसला. मला याचं नवल वाटतं. हीच पोरं दिवसभर 'काय करून राहिला बे' म्हणतात, ते चालतं. पण 'मले' म्हटलं की ती गावंढळ. त्यानंतर ती तोंड उघडेल तेव्हा मागून कुणीतरी 'मले, मले' करायचं. महिन्याभरात कामिनी बोलायचीच थांबली. हजेरीलाही हात वर करायची.

या सगळ्यात भैरवी काय करत होती, असं तुम्ही विचाराल. ती हसत नव्हती. पण डबा खात होती. आज कुणाला तरी दुसऱ्याला छळत आहेत, आपल्याला नाही, याचं तिला बरं वाटत होतं. तिनंच पुढे माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर हे लिहून ठेवलं आहे, म्हणून सांगते.

कामिनीचं नाव हजेरीत सगळ्यात शेवटी होतं, त्यामुळे माझी पाळी तिला एप्रिलात मिळाली. एका शुक्रवारी तिनं मला घरी नेलं. कव्हर पुसलं. जेवणानंतर मावशीच्या स्वयंपाकघरात बसून चार वेळा वाचलं. मला इतकं मनापासून कुणी वाचलं नव्हतं. ती नियम पाळणारी होती. एकही पान चाळलं नाही. पहिल्यांदा ती ओरडली आणि ७१ वर मेली, तिथे नाव लिहिलं. चौथ्यांदा ती ६४ वर पोचली, तेव्हा तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि तिथेही नाव लिहिलं. 'कामिनी', सुबक अक्षरात. मी तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं, बाई गं, अजून एक पान आहे. पण वहीला तोंड कुठे असतं?

दुसऱ्या दिवशी शनिवार. उन्हाळ्याची सकाळची शाळा. शेवटचा तास खेळाचा होता. मैदानाच्या टोकाला सामानाची खोली आहे, वर टिनाचं छप्पर, वरती हातभर झरोका. अनिश म्हणाला, "चला बे, आज पान सात करू." नूपुर हसली. कामिनीला डंबेल्स ठेवायला आत पाठवलं आणि बाहेरून कडी लावली. भैरवी तिथेच उभी होती. तिनं पाहिलं. ती फक्त म्हणाली, "घंटा झाली की उघडा हं."

घंटा झाली. अनिशची व्हॅन आली, त्याला वाटलं नूपुर उघडेल. नूपुरला वाटलं अनिशनं उघडलं. भैरवीला वाटलं दोघांपैकी कुणीतरी उघडलंच असेल. साडेअकराला शाळा रिकामी झाली. मी कामिनीच्या दप्तरात होते, आणि शेवटचा तास म्हणून दप्तर तिच्या पाठीवरच होतं.

सुरुवातीला ती दाराजवळ उभी राहिली. मग तिनं मला बाहेर काढलं. झरोक्यातून येणाऱ्या पट्टीभर उजेडात तिनं माझी पानं उघडली. हो, ती माझ्याकडे वाट विचारायला आली होती. वर्गातल्या कुणाकडे ती विचारू शकत नव्हती, माझ्याकडे विचारू शकत होती. आणि मी तिला ६४ दाखवलं. तोंडावर हात ठेव. गप्प बस.

तिला भुताखेतांवर विश्वास होता का, मला माहीत नाही. बारा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं. पण अंधारात, एकटीनं, घामानं भिजलेलं असताना कळलेलं कामाला येत नाही. आणि गप्प बसणं तर तिला वर्गानं आधीच शिकवलं होतं. मी फक्त त्यावर शिक्का मारला.

बाराच्या सुमाराला तिचा पाय कोपऱ्यातल्या लेझमांना लागला. छनछन आवाज झाला. बाहेर पावलं वाजली. शिपाई नत्थूजी शाळा बंद करून निघाले होते. ते दाराशी थांबले.

"कोण हाय गा? अंदर कोणी हाय का?"

कामिनीनं दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले. मी तिच्या मांडीवर उघडी होते, पानं सरकून एकाहत्तराव्या पानाशी आलेली. माझ्यात जे वाक्य होतं, तेच बाहेरून येत होतं. तिचे डोळे त्या ओळीवरून हलेनात. मी वही नसते तर काय वाटेल ते केलं असतं. पण मी तशीच पडून राहिले.

"उंदरं असतील," नत्थूजी स्वतःशीच म्हणाले. "कडी तं लागलीच हाय." पावलं लांब गेली. फाटक वाजलं.

त्यानंतर टिन तापत गेलं. बाटलीतलं पाणी संपलं. कामिनी माझ्या पुठ्ठ्यानं वारा घेत होती, मग हात थांबला. शेवटी तिनं माझ्यावर डोकं टेकलं. माझी चौसष्ट ते बाहत्तर पानं आजही घामानं फुगलेली आहेत. ती नीट मिटत नाहीत.

मयुरामावशी दोन वाजता कामावरून घरी आली, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. तिनं वर्गातल्या मुलींना फोन लावले. अडीचला भैरवीला फोन आला. भैरवी म्हणाली, "मला नाही माहीत काकू." मग ती तासभर पलंगावर बसून राहिली. एक तास. साडेतीनला तिनं रडत रडत बाबांना सांगितलं. चार वाजता नत्थूजींनी कडी काढली. कामिनी शुद्धीवर नव्हती. तिला उचलताना म्हातारा एकच बोलत राहिला. "मी आवाज देल्ला होता ना गा! देल्ला होता मी आवाज! काहून नाही बोलली ही पोरगी?"

उत्तर खाली जमिनीवर उघडं पडलं होतं.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात ती पाच दिवस होती. वाचली. एवढं तरी देवानं केलं. मी त्या काळात मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात होते. सभा झाली, पालक तावातावानं बोलले. अनिशचे बाबा म्हणाले, सगळा दोष या वहीचा आहे, मुलांनी तर नुसती मस्करी केली. मला राग आला. कडी मी लावली नव्हती. पण कपाटाच्या अंधारात विचार करायला भरपूर वेळ होता, आणि तो माणूस निम्मा तरी खरा बोलला होता. अनिश आणि नूपुरला शाळेनं काढलं नाही; माफीनामे लिहून घेतले. भैरवीकडून कुणी काही लिहून घेतलं नाही, कारण तिनंच तर खरं सांगितलं होतं. सगळ्यांनी तिला शाबासकी दिली. ती शाबासकी तिला सोसवली नाही.

मी परत मिळाल्यावर तिनं नखानं तो व्हाइटनर खरवडला. कागद थोडा फाटला, पण खालचा '८८' दिसायला लागला. मग शेवटच्या पानावर तिनं सगळं लिहिलं, फोनवरचं खोटंही. जूनमध्ये बाबांच्या मागे लागून ती पारशिवनीला गेली. मी तिच्या पिशवीत होते.

कामिनी बाहेर आली नाही. तिची आई प्रयागबाई ओसरीवर बसली होती. तिनं पाणी दिलं, चहा दिला. मग म्हणाली, "तुयावर राग नाही वं पोरी. पण आमची कामिनी आता आवाजाले ओ देतच नाही. हाका मारून मारून मी थकतो, अन् ते अंदरच बसून राह्यते. घरभर पाहत फिरा लागते मले." भैरवीनं मला ओसरीवर ठेवलं आणि ती निघाली. फाटकाशी वळून पाहिलं, पण दार लोटलेलंच होतं.

तेव्हापासून मी इथे आहे, फळीवर, गावच्या शाळेच्या पुस्तकांशेजारी. कामिनी आता इथेच शिकते. कित्येक महिने तिनं मला हात लावला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर चुलीत गेली असती.

तुमच्यापैकी कुणी अशी गोष्ट लिहीत असेल तर लिहा. भूत घाला, अंधार घाला. मुलांना भीती आवडते, मी पाहिलं आहे. फक्त हाक मारायची वाट बुजवू नका, कुणी कितीही बोअर म्हटलं तरी. आणि वाचणाऱ्यांनो, माझ्यासारख्या वहीचे नियम पाळू नका. बिनधास्त पानं चाळा.

आता कालचं सांगते आणि थांबते. दुपारी कामिनीनं मला खाली काढलं. सात उघडलं, मग खरवडलेला आकडा बोटानं चाचपला आणि ८८ वर आली. ते पान तिनं दोनदा वाचलं. नंतर भैरवीचं शेवटचं पान वाचलं. मग पुन्हा ८८. हातात पेन्सिल होती. मला वाटलं, आता ती नाव लिहील. तिनं लिहिलं नाही. बरोबरच केलं. मी तिला कुठे सोडवलं होतं?

तेवढ्यात अंगणातून प्रयागबाईची हाक आली. सवयीनं मारलेली, उत्तराची आशा नसलेली.

"कामिनी! अंदर हायेस का वं?"

कामिनीचा हात तोंडाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. फुगलेल्या पानांवर तिची बोटं टेकली. बाहेर पावलं वळायला लागली होती.

"हाव माय," ती म्हणाली, घोगऱ्या आवाजात. मग जरा मोठ्यानं, "अंदर आहो मी."