ऑल्डरकोटच्या तळ्यावर

टॅमसिनने केकचा तुकडा पुढे केला आणि राजहंस पाण्यातून सरळ तिच्या अंगावर आला. पंखाच्या पहिल्याच तडाख्याने आठ वर्षांची ती पोर दगडी पायऱ्यांवर आडवी झाली. दुसऱ्याने तिचा ओठ फुटला. मागे लव्हाळ्यात त्याची पिल्लं होती, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिचा बाप, रॉस प्रिचर्ड, हिरवळीवरून धावत आला. महिन्यातला एक रविवार कोर्टाने त्याला लेकीसाठी दिला होता, तोही कुणावर हात उचलणार नाही अशी हमी घेऊन. म्हणून त्याने ऑल्डरकोट, लोकांना पाहायला खुलं केलेलं उमरावांचं हे जुनं घर, निवडलं होतं. इथे माणसं आपोआप हळू बोलतात. सकाळभर तो मखमली खुर्च्या आणि तसबिरींमधून हात पाठीमागे बांधून हिंडला होता. बागेत गुलाबांची नावं त्याने लेकीला अडखळत वाचून दाखवली होती, आणि ती हसली होती.

त्याने राजहंसाची मान धरून मुरगळली. काडकन आवाज झाला, पंख लुळे पडले. तिथे थांबता आलं असतं. पण रॉसने ते धूड उचलून पायरीच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. लाल झालेली पिसं सदऱ्याला चिकटली तरी दात आवळून तो आपटतच राहिला.

दम लागला तेव्हा त्याने मागे पाहिलं. टॅमसिन उठून उभी होती. रडत नव्हती.

बाकीचे लोक चहाला गेले होते. कुंपणाच्या झाडांमागून बागेची माळीणबाई ढकलगाडी घेऊन आली आणि जागीच थांबली.

"काय झालं इथं?"

रॉसच्या आधी टॅमसिन बोलली.

"तो आपला आपण पडला. पायरीवरून. बाबा त्याला उचलत होते."

आवाज शांत होता, नजर खाली. तीन वर्षांपूर्वी मोडलेला हात घेऊन लोर्ना, तिची आई, डॉक्टरांना अगदी याच सुरात म्हणाली होती की, पायरीवरून पडले. टॅमसिन शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. रॉस दाराशी उभा राहून ऐकत होता.

माळीणबाईने मुलीचा ओठ पाहिला आणि ती मऊ झाली. पिल्लं असली की हे पक्षी असेच पिसाळतात, म्हणाली. पाटी लावायला हवी होती, चूक आमचीच. तुम्ही पोरीला घेऊन जा, इथलं मी बघते.

टॅमसिनने बापाची बाही ओढली.

"पडला नाही तो," रॉस म्हणाला. "मी मारला. मेल्यावरसुद्धा मारत होतो. तुमच्या साहेबांना बोलवा."

टॅमसिनने वर पाहिलं. मग तिने बाही सोडली आणि तोंड उघडून, मोठ्याने, लहान मुलासारखी रडू लागली. माळीणबाईने तिला जवळ घेतलं.

रॉस तिथेच पायरीवर बसला आणि कुणीतरी येण्याची वाट पाहू लागला.