पलतड

हरमल आणि केरी या दोन गावांमध्ये एक डोंगर. समुद्र दोघांचा एकच. पण हरमलच्या बायका प्रश्न संपायच्या आत उत्तर देणाऱ्या, आणि केरीची माणसं तेरेखोलच्या फेरीबोटीची वाट बघून बघून बोलण्यातही सावकाश झालेली. कमलाक्षी केरीची. दोन वर्षांपूर्वी हरमलात नांदायला आली, आणि तेव्हापासून तिला माहेर दिसलं नव्हतं.

कारण एक ओवी. लग्नाच्या मांडवात विहिणींनी एकमेकींना ओव्यांतून चिमटे काढायची रीत. कमलाक्षीची आई पद्मावती एरवी अबोल, त्या दिवशी मात्र गायली:

हरमलची विहीण, जिभेक तिच्या धार,
माझ्या नाजूक केळीक लागतलो वार.

मांडव हसला. आणि सासूला, यशोदेला, जन्मात पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून घरात केरीचं नाव निघेना. गोवा राज्य झालं, मराठी की कोकणी यावरून चहाच्या दुकानांत माणसं हमरीतुमरीवर आली. यशोदेचं भांडण त्या एका ओवीशीच राहिलं. तरी सून तापाने पडली, तेव्हा आठ दिवस उशाशी बसून तिनेच पेज भरवली होती, तोंडाने बडबडत.

गणेशचवथ झाल्यावर एका सकाळी यशोदा म्हणाली, "कमळे, माका पलतडीक व्हर गो एकदा."

केरीत पलतड म्हणजे नदीपलीकडचं तेरेखोल. तिथून पुढे रेडीचा गणपती. सासू घेऊन चल म्हणतेय ती दर्शनालाच, असं धरून कमलाक्षीने नारळ घेतला. बस केरीच्या धक्क्यावर थांबली. तिथून माडांतून आईच्या घराच्या छपराचे नळे दिसतात. तिने मान वळवली नाही. वळवली असती तर पायही वळले असते.

बोट सुटली. नदीच्या मध्यावर यशोदा शांतपणे म्हणाली, "तुझ्या आवयचा घर पाण्यात कधीपासून गेला गो?"

कमलाक्षीला आधी कळेना. मग उमगलं. हरमलात पलतड म्हणजे डोंगरापलीकडची केरी. तिचे डोळे भरून आले.

"बोट परत फिरतली मगे?" सासूने विचारलं.

"फिरतली, आये."

"मग रडतंस कित्याक?"

तेरेखोलला दोघी उतरल्याच नाहीत. परतीच्या वाटेवर यशोदेचे ओठ पुटपुटत होते, बोटं मांडीवर ताल धरून होती.

पद्मावती अंगणात नारळ सोलत होती. दोघींना बघून उठली. यशोदा तुळशीपाशीच थांबली आणि गायली:

केरीची केळ माझ्या परसात रुजली,
पाणी घालता घालता जीभ माझी भिजली.

पद्मावती पदराने डोळे पुसत म्हणाली, "उत्तराक दोन वर्सां लागली, विहिणी?"

"तुझ्या लेकीच्या संगतीन मी पण केरीकार झालंय."

गणपतीसाठी घेतलेला नारळ त्या दुपारी हळदीच्या पानांत वाफवलेल्या गोड पातोळ्यांत गेला. कमलाक्षीनेच तो खोवला, अगदी सावकाश, केरीच्या रीतीने. सासूने एकदाही घाई कर म्हटलं नाही.