दुपारचा पहारा

"जयसिंग, सोड बाबा आता वीणा. साक्षात ईश्वर आलाय न्यायला!" खांबाला टेकून बसलेले हौशीराम आबा म्हणाले आणि मांडवातली चार-दोन माणसं हसली.

आबांचा हा विनोद सप्ताहाच्या पहिल्या दिवसापासून चालला होता. ईश्वर त्यांचाच भाचा, दौंडचा. मामाच्या गावच्या सप्ताहाला म्हणून आठ दिवस आलेला.

दुपारचे पहारे कुणालाच नको असतात. जेवून माणसं कलंडतात. म्हणून बारा ते दोन जयसिंगकडे आले आणि दोन ते चार ईश्वरकडे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ती गळ्यात असेतो तोंडी नामाशिवाय शब्द नाही. देता-घेताना एकमेकांच्या पाया पडायचं, मग गळाभेट.

जयसिंग चोवीस वर्षांचा. शेवंतीची तोडणी सकाळीच उरकायची, आंघोळ करून मांडव गाठायचा. गळाभेटी त्यानं आजवर पुष्कळ घेतल्या होत्या. पण पहिल्या दिवशी ईश्वरची भेट सुटली तरी तो घरी गेला नाही. टाळ घेऊन चारपर्यंत तिथंच बसला. दुसऱ्या दिवशीही बसला, तिसऱ्याही. आपल्याला नामाची गोडी लागली, असंच त्याला वाटलं.

चौथ्या दिवशी पहारा संपल्यावर दोघं भीमेच्या काठाला जाऊन बसले. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. तारेनं जयसिंगच्या बोटाला फोड आली होती.

"बघू बोट."

"काय न्हाई त्याला."

"आरं, दाखव की. अंगठी घालतोय का काय मी!"

दोघं हसले. हसू ओसरलं, तरी ईश्वरनं बोट सोडलं नाही आणि जयसिंगनंही ते ओढून घेतलं नाही.

"मला पोरी बघायला नेत्यात ना," ईश्वर पाण्याकडं बघत म्हणाला, "तवा मी चहाच्या कपाकडं बघत बसतो. तुझं कसं हाय?"

"यवतची एक हाय. सायली. सप्ता उठला की बघायला जायचंय."

"इचारलं ते सांग की."

"माझंबी तसंच हाय."

हे वाक्य त्यानं मनातसुद्धा कधी पुरतं म्हटलं नव्हतं. आता म्हटलं, आणि काहीच झालं नाही. पलीकडच्या काठाला एक माणूस म्हशी धूत होता, तो धूतच राहिला.

पाचव्या दिवशीची गळाभेट जरा लांबली. "नामात रंगली पोरं," आबा कौतुकानं म्हणाले.

सहाव्या दिवशी ईश्वर एकच्या सुमारालाच आला. पँट घातलेली, खांद्याला पिशवी. जयसिंग वीणा घेऊन उभा होता. आबा खांबाशी घोरत होते, बाकी मांडव रिकामा.

"घरनं दादांचा फोन आला," ईश्वर हळू म्हणाला. "रविवारी साखरपुडा धरलाय माझा. दीडच्या गाडीनं ये म्हणले."

"रामकृष्ण हरी."

"तू थांब म्हणलास तर जात न्हाई. दादांना काय सांगायचं ते मी सांगतो. व्हय का न्हाई, येवढंच सांग."

जयसिंगचं बोट तारेवर फिरत राहिलं. "रामकृष्ण हरी."

"तेवढंच?"

"रामकृष्ण हरी."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. ईश्वर वाकला, त्याच्या पायांना हात लावला आणि पिशवी सावरत निघून गेला.

दोनला वीणा घ्यायला कुणी आलं नाही. जयसिंग चारपर्यंत तसाच उभा राहिला. बोलायला मनाई होती, मान हलवायला नव्हती. हे त्याला गाडी गेल्यावर सुचलं असंही नाही. ईश्वर समोर होता तेव्हाही माहीत होतं. आपण देवाच्या आड लपलो. दोन तास तो नाम घेत होता आणि हे गिळत होता.

संध्याकाळी त्याची आई पुतळाबाई त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होत्या.

"यवतला ह्योच घाल. उठून दिसतो तुला."

"आई, यवतला बघायला न्हाई जायचं."

"का रं? फोटू तर बरा हाय पोरीचा."

"पोरीत काय खोट न्हाई. मीच कुठल्या पोरीकडं तसा बघत न्हाई. कवाच बघितलं न्हाई, पुढंबी व्हायचं न्हाई. ईश्वर आला तवा मला कळलं."

पुतळाबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. सदऱ्याची एकच बाही झाली होती. तिच्याकडं त्या बघत राहिल्या.

"यवतला मी कळवते," शेवटी त्या म्हणाल्या. "काय तरी सांगते."

"नगं. मी जातो आन् माझ्या तोंडानं सांगतो."

"सांग मग. पर मला हे एकदम न्हाई झेपायचं, बाबा."

त्या उठून चुलीकडं गेल्या. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"दुपारच्या गाडीनं ईश्वर गेला म्हणं. पोचला का रं त्यो? इचारलंस का?"

"न्हाई. रविवारी साखरपुडा हाय त्याचा."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.