चुन्याखालचं कापड

रुचितानं ओल्या स्पंजनं भिंतीचा कोपरा भिजवला, पातळ सुरी सरकवली, आणि चुन्याचा थर अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला. तिनं बोटांनी चाचपलं. चुन्यामागं मांजरपाट होतं, खळीनं चिकटवलेलं. त्याखाली शंभर वर्षांपूर्वीचे रंग तसेच होते: नदी, पाण्यात बसलेल्या म्हशी, धुणं आपटणाऱ्या बायका.

कसबा बावड्याजवळचा हा बंगला एका इंग्रज इंजिनिअरनं बांधलेला. पुढं त्याचं सरकारी गोदाम झालं, तेव्हा भिंती खरवडून चुना मारायचा हुकूम निघाला होता. चित्रं दुरुस्त करायला आलेल्या रुचितानं निम्मी तरी गेली असतील असंच धरलं होतं.

चुना मारणारा ज्ञानू बावड्याचाच, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. रुचिता त्याच्या घरी गेली, तर ज्ञानू वारला होता. त्याची म्हातारी बायको, तानाबाई, दारात शेंगा फोडत बसली होती.

"आजी, तुमच्या मालकांनी कापड लावलं म्हणून चित्रं वाचली. तेवढं सांगायला आले."

तानाबाईचे हात थांबले.

"त्येंनी कुठलं लावतंय? ते नगंच म्हनत हुतं. सायबानं बघितलं तर काम जाईल म्हनून दोन दिस बोललं न्हाईत माझ्यासंगं."

"मग?"

"माझं म्हायार इचलकरंजीचं, मागवाल्यांचं. खळ करायला येती की मला. चुना मीच कालवायची, कापडबी मीच लावलं. कुनीतरी बसून काढल्यालं, खरवडायला हात धजंना."

रुचितानं वाकून तिचे पाय धरले. मग तिला रिक्षात बसवून बंगल्यावर घेऊन आली.

तानाबाई भिंतीसमोर उभी राहिली. धुणं धुणाऱ्या बायकांजवळ तिनं तळहात नेला, पण टेकवला नाही.

"आजी, बाहेर पाटी लागणार आहे. तुमचं पूर्ण नाव सांगा," रुचितानं वही उघडली.

"हे काढलं कुनी?"

"बंगला बांधणाऱ्या इंग्रजाच्या बायकोनं, म्हणतात. नाव कुठं सापडत नाही."

तानाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"मग हिचं हुडक आदी. माझं कळलं की तुला."

रुचितानं वही मिटली, आणि दिवा घेऊन सही शोधायला भिंतीच्या तळाशी बसली.