तिसरी तुळई

"ही तिसरी तुळई गाडीत चढवू नका," इसरू म्हणाला.

ट्रकपाशी उभ्या असलेल्या दीपिका मॅडमनी मान वर केली. त्या या कामावरच्या इंजिनिअर. चारही तुळया दिसायला सारख्याच होत्या. बांबूच्या कामट्या तासून, चिकटवून, गरम प्रेसमध्ये दाबून केलेल्या, सागवानासारख्या गुळगुळीत. एटापल्लीकडच्या एका शाळेचं छप्पर लोखंडाऐवजी त्यांच्यावर उभं राहणार होतं.

"काऊन, इसरूभाऊ? नमुना तर पास झाला ना?"

"नमुना पयल्या तुळईचा होता. हिच्या टायमाले लाईन गेली होती. प्रेस थंडा पडला. मंग चालू केला मी, पन मंधातल्या थराले ताव बसला का नाई, मले भरोसा नाई."

"तेव्हाच काऊन नाही सांगितलं?"

इसरूने मान खाली घातली. "वाटलं, चालून जाईन."

आयुष्याची पंचवीस वर्षं त्याने टोपल्या विणल्या. प्लास्टिक आलं, टोपल्या पडून राहू लागल्या, तेव्हा तो आणि बायको कलाबाई दर हिवाळ्यात मिरच्या तोडायला तेलंगणात जाऊ लागले. तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेने गावच्या जंगलातल्या बांबूसाठी हा प्रेस आणला. आता चार गावांतली बावीस माणसं इथं बारमाही कामाला होती. पुढची कामं मिळणं या छपरावर अवलंबून होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

कलाबाईने त्याची बाही ओढली. "गप राहा ना. हे काम हातचं गेलं तं पुन्हा मिरच्या तोडाले जाचं का?"

"अन् लेकराइच्या डोक्यावर पडली तं?"

त्याने पटाशी घेतली आणि तुळईच्या टोकाला, जोडावर ठोकली. दुसऱ्या ठोक्याला थर सुटला. आतला गोंद पिठासारखा भुरभुरला.

"बाकीच्या तीन?" मॅडमनी विचारलं.

"त्याइले काई झालं नाई. तरी टोकं कापून तपासा."

तिन्ही टोकं तपासली गेली, ठीक निघाली. ट्रक तीन तुळया घेऊन गेला. शाळेचा ठेकेदार फोनवर बराच वेळ ओरडला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उशीर होईल. चूक आमच्या माणसानंच पकडली, हे लिहून ठेवा."

नव्या तुळईसाठी इसरूने तीन वर्षं वयाचे पक्के बांबू स्वतः निवडले. कलाबाईने गोंद लावला. या वेळी प्रेस चालू असेपर्यंत तो तिथून हललाच नाही.

सातव्या दिवशी नवी तुळई विटांच्या दोन खांबांवर ठेवली आणि तिच्यावर एकेक करून रेतीची पोती रचली. छपराच्या दुप्पट भार. तुळई किती वाकते ते मोजायला खाली लावलेल्या मापाचा काटा थोडा सरकला आणि थांबला.

"आता संध्याकाळपर्यंत असंच राहू द्यायचं," मॅडम म्हणाल्या. कामावरच्या बाया लांब सरकून उभ्या राहिल्या.

इसरूने हात धुतले, डबा घेतला आणि सावली शोधत अंगणभर नजर फिरवली. मग सरळ जाऊन तो तुळईखाली बसला.

मॅडमनी हाक मारायला तोंड उघडलं, काट्याकडे पाहिलं आणि तशाच थांबल्या.

कलाबाई क्षणभर घुटमळली. मग पदर खोचून, वाकून आत शिरली. इसरूने सरकून तिला जागा करून दिली आणि भाकरी मोडली.