पुढचं डावं चाक

“निघ की आता. किती जीव धरून बसलास?” नागेश मेस्त्री अगदी माझ्या कानाशी पुटपुटला आणि पान्यावर जोर देऊन त्यानं माझा शेवटचा नट सोडवला.

मित्रांनो, मी एका जुन्या स्पोर्ट्स गाडीचं पुढचं डावं चाक आहे. पोलादी, जाडजूड, दिसायला बेताचंच. परभणीच्या ईश्वरअप्पांनी तरुणपणी ही उघडी, दोनच माणसांची गाडी हैदराबादेतून आणली. स्टेशनावर जितके पाहुणे उतरत, तितक्या आमच्या खेपा होत. लग्नात लोक नवरदेवाला सोडून आमच्याभोवती जमत. अप्पांच्या हाताखाली मी कधी साध्या दगडालाही घासलो नाही.

मग अलीकडं, अप्पांच्या म्हातारपणी, एकदा फाटकाच्या खांबाला धडकलो. नंतर दुभाजकाला. परवा तर रसवंतीच्या बाकड्याला. त्यावरची बाई नुकतीच उठली होती, म्हणून निभावलं. माझ्या कडेला पोचे पडले. अप्पा म्हणाले, चाक एका बाजूला ओढतंय. मुलगा शिवप्रकाश खाली बघत म्हणाला, चाकच बाद झालंय. नागेशनं मान डोलावली. खरं कारण कुणाच्याच ओठांवर आलं नाही. तोडगा निघाला तो तारांच्या चाकांचा.

मला भिंतीला टेकवून ठेवलं. जिवाला चैन कसली? नागेशनं चाकं ज्यावर बसतात ते चार नटांचे जुने हब उतरवले, दातेरी हब चढवले, त्यावर सायकलीसारखी तारांची चाकं सरकवली आणि प्रत्येकाचा मधला एकुलता नट हातोडीनं ठोकून घट्ट केला. लय देखणी चाकं, खोटं कशाला बोलू? पण उद्या तीही त्याच खांबाला लागणार. आणि बाकड्यावर कुणी बसलेलं असलं तर?

मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणतो, तिच्या माथी दोष मारण्याआधी जरा माणसाकडंही बघा. वस्तू उलटून बोलत नाही, म्हणून तर सगळ्यांचं फावतं.

अप्पांनी चावी घेतली आणि बायकोला, चन्नबसम्मांना, बोरी गावापर्यंत फेरी मारू म्हणाले. शिवप्रकाश पुसलेलाच बोनट पुन्हा पुसायला लागला. नागेश पाने-हातोडी गोळा करत राहिला.

चन्नबसम्मा गाडीत बसल्या नाहीत. अप्पांच्या बाजूला जाऊन त्यांनी दार धरलं.

“चाकाला काय बी झालं नव्हतं,” त्या हळू म्हणाल्या. “ताटातली चटणी रोज तशीच ऱ्हायलीय. अहो, डावीकडचं तुमाला दिसंना झालंय.”