दाजींचा अंगठा

उजेड आधी मनोऱ्याच्या माथ्यावर आला. खाली अजून सगळे राखी होते: पत्र्याच्या खोल्यांची रांग, पाण्याची टाकी, वाळलेल्या चिखलातल्या चाकोऱ्या, दोरीवर रात्रभर विसरलेला टॉवेल. या साऱ्यांच्या डोक्यावरून, कुणाला न उठवता, तो आला आणि अर्ध्या उंचीपर्यंत चढलेल्या त्या काँक्रीटच्या नळीच्या काठावर टेकला. पहिल्यांदा काठातून वर आलेल्या लोखंडी सळ्या उजळल्या, मग फळ्यांचा माळा, मग त्याखालची रात्रीत घडलेली ओली, काळसर भिंत. तिथे तो जरा रेंगाळला. वाळून पांढुरक्या झालेल्या जुन्या भिंतीवरून उजेड एरवी सरसर उतरे. ओल्या भिंतीवर मात्र तो नवख्या घरात पाऊल ठेवावे तसा बिचकत उतरे. मग तो टाकीवर आला, टॉवेलवर आला, आणि शेवटी खिडकीच्या चौकटीतून आत येऊन दाजींच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर थांबला.

बटण बायको लावत होती.

"मान वर करा," ती म्हणाली. "काजं धुऊन धुऊन आवळलीत मेली. मलाही जड जातायत."

काजे आवळली नव्हती. दाजींना ते ठाऊक होते, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांनी स्वतःलाही कळू दिले नव्हते. ते खिडकीबाहेर मनोऱ्याकडे पाहत राहिले. बायकोने शेवटचे बटण लावले, कॉलर नीट केली आणि चहाचा स्टीलचा पेला त्यांच्या हातात दिला. पेला तिने स्वतः पदराने धरला होता. दाजींनी तो नुसत्या मुठीत धरला आणि खिडकीशी उभे राहून चहा संपवला. ती त्यांच्या मुठीकडे पाहत होती. मग तिने पेला परत घेतला, आणि त्यांचा तळवा उलटा करून कुठे लाल झाला आहे का, ते पाहिले.

खरे तर ते दाजी फक्त एकाचेच. बायकोचा धाकटा भाऊ याच कामावर भिंतीला थापी मारायला होता. तो दाजी म्हणे, म्हणून क्रेनवाला दाजी म्हणू लागला, मग लोखंड बांधणारे, मग सगळे. इतके मेहुणे असलेला माणूस दुसरा नसेल, असे खुद्द मेहुणा म्हणे. आणि मेहुण्याचा मान एकालाही देत नाहीत, अशी पुस्ती जोडे. इंजिनीयर मॅडमही अलीकडे वॉकीटॉकीवर 'दाजी' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द एखाद्या हुद्द्यासारखा वाटे.

हुद्दा होताच. पवनचक्कीच्या त्या मनोऱ्याचा साचा सरकता होता. सबंध भिंतीला साचा बांधून ती एका दमात ओतायची, अशातला हा प्रकार नव्हता. माणसाच्या छातीइतक्या उंचीचा एक गोल साचा भिंतीला कवटाळून असे. वरून त्यात काँक्रीट पडत राही आणि जॅक त्याला चिमूट चिमूट वर उचलत राहत. दिवस नाही, रात्र नाही. पाळ्या बदलत, साचा थांबत नसे. त्याच्या खालच्या ओठातून नवी भिंत उघडी पडे. ती तेव्हा फार कोवळी असली, तर स्वतःच्याच भाराने फुगून ढासळे. फार घट्ट झालेली असली, तर साच्याला चिकटून फाटे, आणि पुढे पवनचक्कीची पाती फिरू लागली की त्या फटीतून आयुष्यभर हादरे खाई. या दोहोंच्या मधली जी बारीक वेळ, ती ओळखणे हे दाजींचे काम. ते साच्याखाली लोंबत्या फळ्यांवरून भिंतीभोवती एक फेरी मारत, जागोजाग उजवा अंगठा दाबत आणि सांगत, "घ्या वर," किंवा, "थांबा."

मॅडमकडे यंत्र होते. भिंतीच्या पोटात पुरलेल्या तारा आतली ऊब सांगत आणि मॅडम त्यावरून बरोबर गणित मांडत. पण पोटातले वेगळे आणि कातडीवरचे वेगळे, असे त्या स्वतःच म्हणत. दोघांचे जुळले की साचा हले. अंगठ्यावर एवढा मनोरा चालतो म्हणून मेहुण्याने दाजींना 'अंगठेबहाद्दर' ही पदवी दिली होती. वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे दाजी त्यावर मिशीत हसत.

हा अंगठा त्यांनी पवनचक्क्यांचे पाये ओतताना कमावला होता. पाया म्हणजे जमिनीत पुरलेली एक अजस्र थाळी. तिच्यात जंगलासारखे दाट लोखंड, आणि एकदा ओतायला सुरुवात झाली की ती भरेपर्यंत थांबायचे नाही, कारण कालच्या आणि आजच्या काँक्रीटमध्ये सांधा राहिला, तर वर उभे राहणारे सगळेच उपरे. तरुणपणी दाजी त्या लोखंडाच्या जंगलात उतरून व्हायब्रेटर धरत. ती थरथरणारी नळी ओल्या काँक्रीटमध्ये सोडली की आतली हवा बुडबुड्यांनी वर येई, आणि तो थरकाप हातांतून खांद्यात, खांद्यातून दातांत जाई. काम संपल्यावरही रात्रभर हात आपले आपणच गुणगुणत असत. काँक्रीट कधी पातळ, कधी जड, कधी घट्ट व्हायला लागले, हे त्या गुणगुणण्यातून त्यांना समजत गेले. किती पाये, याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. टेकड्यांवर ओळीने उभ्या असलेल्या पवनचक्क्या कुठल्याही रस्त्यावरून दिसल्या की ते वर पात्यांकडे पाहत नसत. त्यांची नजर बुडाशी जाई, जिथे गवताखाली काही दिसत नाही.

गेल्या थंडीत बोटे बधिर झाली तेव्हा त्यांनी थंडीला बोल लावला. थंडी गेल्यावर हातमोज्यांना. मग अंगठा दाबल्यावर भिंतीवर उमटलेल्या खुणेकडे ते जरा वाकून पाहू लागले: खूण किती खोल, कडा किती तीक्ष्ण. मेहुण्याची थापी भिंतीवर कशी वाजते, ओला 'फस्' की कोरडा 'खर्र', याला ते कान देऊ लागले. डोळे आणि कान मिळून अंगठ्याचे काम ओढत होते, आणि ते इतके चोख चालले होते की अंगठ्यालाच श्रेय मिळत राहिले.

त्या दिवशी ते लिफ्टने वर पोचले तेव्हा पूर्वेची बाजू उजेडाने भरली होती आणि रात्रपाळीचे दिवे नुकतेच मालवले होते. वारा सुटला होता. पवनचक्कीसाठी निवडलेली जागा. वाऱ्याशी भांडून चालण्यासारखे नव्हते. लोंबत्या फळ्यांवर मेहुणा थापी घेऊन उभा होता. ताईने डब्यात काय दिले, आणि त्यातले दाजी आपल्याला किती ठेवणार, अशी त्याने रोजची चौकशी केली. दाजींनी उन्हातल्या भिंतीवर अंगठा दाबला. खूण उथळ उठली. ठीक होते.

मग ते सावलीच्या बाजूला गेले.

तिथे रात्र अजून शिल्लक होती. साच्याच्या ओठाखाली नवी भिंत आणि तिची सावली एकाच रंगाची झाली होती. दाजींनी अंगठा दाबला आणि वाकले, खूण दिसेना. आणखी वाकले. मागे थापी चालली होती, पण तिचा आवाज वारा उचलून नेत होता. त्यांनी पुन्हा दाबले, जोराने, आणि डोळे मिटून वाट पाहिली. कुणीतरी दार उघडण्याची पाहावी तशी.

वॉकीटॉकी खरखरली. "दाजी, सावलीच्या बाजूला माझा आकडा अगदी काठावर आहे," मॅडम म्हणाल्या. "आज तुमच्यावर सोडते. घेऊ वर?"

त्या वाहिनीवर सगळेच असत: क्रेनवाला, खाली काँक्रीट कालवणारे, लोखंडवाले. दाजींचा अंगठा अजून भिंतीवरच होता. पलीकडची भिंत ठीक होती, हे त्यांना आठवले. रोज ठीकच असते, हेही आठवले.

"घ्या वर," ते म्हणाले.

जॅक कण्हले. साचा चिमूटभर वर सरकला, मग आणखी चिमूटभर. मेहुण्याने मागून येऊन नव्या पट्टीवर थापी फिरवली आणि ती आत गेली. परत ओढली, तर तिच्याबरोबर भिंतीची सायच निघून आली, आणि वरचा भाग ताटाएवढा फुगून, सुस्तपणे, खाली ओघळू लागला.

"दाजी, थांबवा," मेहुणा म्हणाला. हळूच म्हणाला.

दाजींनी वॉकीटॉकीत "थांबा" म्हटले. जॅक गप्प झाले. मेहुण्याने फळी आडवी धरून खांदा लावला, दाजींनीही लावला, आणि दोघे त्या फुगवट्याला, झोपेत घसरणाऱ्या पोराला धरावे तसे, धरून उभे राहिले. भिंत निभावली. ओघळ तिथेच थांबला; साफ करून भरता येण्याजोगा होता. आणखी दोन चिमटी साचा चढला असता, तर ती बाजू वरच्या माणसांसकट बसली असती.

मेहुणा त्यांच्याकडे पाहत होता. बोलायची ही त्याची हक्काची वेळ होती. एवढे आयते सापडलेले दाजी त्याला जन्मात पुन्हा मिळाले नसते. पण त्याची नजर दाजींच्या अंगठ्यावर गेली. सळईच्या कुठल्याशा टोकाने तो सोलवटला होता, रक्त सिमेंटमध्ये मिसळून मनगटापर्यंत आले होते, आणि दाजींना त्याचा पत्ताच नव्हता.

"ताई म्हणत होती," तो शेवटी म्हणाला. "मीच म्हटलं, काहीतरीच. दाजींचा हात, आणि बधिर?"

दाजींनी रक्त शर्टाला पुसले. मग मेहुण्याच्या हातातली थापी काढून फळीवर ठेवली, त्याचे मनगट धरले आणि त्याचा अंगठा ओघळाच्या बाजूच्या भिंतीवर टेकवला.

"दाब. हळू. काय लागतंय?"

"गार लागतंय."

"गार नको सांगू. वरची साय धरतेय का?"

"धरतेय. पण खाली... खाली सरकतंय. भाकरी नाही, पिठाचा गोळा असतो तसं."

"पाणी सुटतंय बोटाला?"

"जरासं."

दाजींनी मान हलवली. त्या शब्दांतून सगळी भिंत त्यांना दिसली, आतपर्यंत, जशी पूर्वी दिसे तशी. अजून वेळ होता. ऊन या बाजूला यायला हवे होते. त्यांनी मेहुण्याचा अंगठा उचलून दोन हात पलीकडे ठेवला, मग आणखी पलीकडे. मेहुणा सांगत गेला, ते ऐकत गेले. उजेड गोल भिंतीवरून वळत वळत त्यांच्यापर्यंत आला, आधी फळीवर, मग थापीवर, मग एकमेकांवर ठेवलेल्या त्या दोन हातांवर.

"आता?" दाजींनी विचारले.

"आता दबत नाही. खूण उठतेय फक्त. बोट कोरडं."

दाजींनी वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "घ्या वर, मॅडम. हळू घ्या."

साचा सरकला. त्याखालून नवी भिंत आली, काळसर, सरळ, उभी.

"छान," मॅडमचा आवाज आला. त्यात सुटकेचा श्वास होता. "माझा आकडाही हेच म्हणतोय. मघाशी काय झालं होतं, दाजी? तुमचा अंगठा चुकला असं मी लिहिणारही नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही."

वाहिनीवर कुणीतरी हसले, क्रेनवाला असावा. मेहुण्याने घाईने मान हलवून खुणावले, की राहू द्या, नंतर बघू. खाली, फार खाली, पत्र्याच्या खोल्यांपाशी एक बाई दोरीवरून टॉवेल काढत होती.

दाजींनी वॉकीटॉकीचे बटण दाबले. ते दाबले गेले की नाही, हे त्यांनी वाकून पाहिले.

"आत्ताचा अंगठा मेहुण्याचा होता, मॅडम," ते म्हणाले. "माझ्या अंगठ्याला गेल्या थंडीपासून काही लागत नाही."